लाइट गेल्यानंतरचे वीस सेकंद: वृद्धनिवासाच्या बॅकअपचे परीक्षण

ज्येष्ठांसाठीच्या निवासी संकुलांच्या माहितीपत्रकात ‘१०० टक्के पॉवर बॅकअप’ हे शब्द हमखास असतात. त्यामागे बहुतेक वेळा एकच जोडी असते. आवाराच्या कोपऱ्यातला सायलेंट डिझेल जनरेटर आणि त्याचे एएमएफ पॅनेल, म्हणजे महावितरणचा पुरवठा गेला की जनरेटर आपोआप सुरू करणारी पेटी. हे परीक्षण त्या जोडीचे आणि तिच्याबरोबर घ्याव्या लागणाऱ्या इन्व्हर्टरचे आहे. हिशोबासाठी पुणे-नाशिककडे नेहमी दिसणारी इमारत धरली आहे: तळमजला आणि वर तीन मजले, ३२ खोल्या, एक लिफ्ट, सामाईक स्वयंपाकघर आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारे यंत्र) लागणारे तीन रहिवासी.

निकाल आधीच सांगतो. जनरेटर घ्यावाच, पण एकटा घेऊ नये. विक्रेता सहसा सुचवतो त्याहून लहान घ्यावा आणि वाचलेले पैसे बॅटऱ्यांवर घालावेत.

याचे कारण पॅनेलच्या कामाच्या पद्धतीत आहे. पुरवठा गेल्यावर पॅनेल तीन ते पाच सेकंद थांबते, कारण क्षणभराच्या झटक्याला इंजिन सुरू करण्यात अर्थ नसतो. मग स्टार्टर फिरतो. इंजिनाने वेग घेतला, व्होल्टेज स्थिर झाले की कॉन्टॅक्टर, म्हणजे भार जनरेटरवर घेणारा स्विच, जोडला जातो आणि दिवे येतात. सगळे सुरळीत असेल तर याला १२ ते २० सेकंद लागतात. पहिल्या प्रयत्नात इंजिन लागले नाही तर पॅनेल थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते, साधारणपणे तीनदा, आणि तेवढ्यात अर्धे-पाऊण मिनिट निघून जाते. तरुणांच्या सोसायटीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र त्या क्षणी कुणी आजी ओल्या न्हाणीघरात उभ्या असतात, कुणी आजोबा वॉकर धरून जिन्याच्या तोंडाशी असतात. माणूस काळोखात चाचपडत पडतो आणि खुब्याचे हाड मोडते, ते याच वीस सेकंदांत. जनरेटर कितीही मोठा घेतला तरी ही फट बुजत नाही, ती बॅटरीच बुजवते.

म्हणून पहिला खर्च सामाईक दिव्यांच्या इन्व्हर्टरवर करावा. मार्गिका, जिना, न्हाणीघरे आणि लिफ्टसमोरची जागा मिळून ९ वॉटचे ६० एलईडी धरले तर भार ५४० वॉट होतो. त्यासाठी २४ व्होल्टचा, २ केव्हीएचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या पुरतात. कागदावर ही साठवण ३,६०० वॉट-अवरची आहे. पण बॅटरीवर छापलेली क्षमता वीस तासांच्या संथ वापरासाठी असते. या भाराला ती लवकर रिकामी होते, शिवाय इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के तरी जातात. साडेतीन ते चार तास धरून चालावे. याच इन्व्हर्टरवर कॉल बेलचे पॅनेल, इंटरकॉम आणि इंटरनेटचा राउटर घ्यावा. पंखे, फ्रिज, टीव्ही यांतले काहीही त्यावर चढवू देऊ नये. कोणीतरी ‘एकच सॉकेट’ म्हणून जोड घेतो आणि महिन्याभरात चार तासांचे दीड तास होतात.

वायरमनकडून इथे एक चूक वारंवार होते. इन्व्हर्टरच्या सर्किटसाठी फेज नवी ओढली जाते, पण न्यूट्रल शेजारच्या सर्किटमधून उसनी घेतली जाते. मग लाइट गेली की आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच, पडतो, आणि तो काढून टाकणे हाच उपाय असे सांगितले जाते. आरसीसीबी कधीही काढू नये. प्रत्येक इन्व्हर्टर सर्किटला स्वतःची न्यूट्रल ओढायला लावावी आणि काम संपल्यावर प्रत्येक न्यूट्रल वेगळी मोजून घ्यावी.

जनरेटर किती केव्हीएचा

खोलीमागे पंखा ७५ वॉट, दोन दिवे २० वॉट आणि एक लहान सॉकेट १०० वॉट, म्हणजे सुमारे २०० वॉट. ३२ खोल्यांचे ६.४ किलोवॉट. सामाईक दिवे अर्धा, लिफ्ट ५, पाण्याचा ३ एचपीचा पंप २.२, स्वयंपाकघरातले फ्रिज, मिक्सर, आरओ व एग्झॉस्ट मिळून २, कॉन्सन्ट्रेटर १.१, सक्शन मशीन व हवेच्या गाद्या ०.३, कार्यालय आणि सीसीटीव्ही अर्धा. बेरीज १८ किलोवॉट. ०.८ पॉवर फॅक्टरने, म्हणजे ०.८ ने भागून, साडेबावीस केव्हीए. वर ३० टक्के वाव ठेवला की ३० केव्हीएचा संच योग्य ठरतो. गिझर आणि एसी यात नाहीत. गरम पाण्यासाठी सोलर वॉटर हीटर किंवा गॅस गिझर आणि एक-दोन खोल्यांपुरता एसी, अशी सोय बरी.

अशा इमारतींना सरसकट ६२.५ केव्हीए सुचवला जातो. ‘पुढे भार वाढला तर’ हे कारण ऐकायला शहाणपणाचे वाटते, पण रात्रीचा विचार त्यात नसतो. रात्री लिफ्ट उभी असते, पंप बंद असतो, भार उरतो साडेचार किलोवॉटचा. ६२.५ केव्हीएच्या, म्हणजे ५० किलोवॉटच्या संचावर तो ९ टक्के होतो. ३० टक्क्यांखाली डिझेल इंजिन तासन् तास चालवले की सिलिंडर पुरेसा तापत नाही आणि डिझेल पूर्ण जळत नाही. सायलेन्सरमधून काळे तेलकट पाणी ठिबकू लागते, इंजेक्टरवर कार्बन बसतो. पुढे खरोखर गरज पडते तेव्हा इंजिन पूर्ण भार उचलत नाही. ३० केव्हीएच्या संचावरसुद्धा रात्रीचा भार १९ टक्केच येतो. म्हणजे लहान संच घेऊनही रात्र जनरेटरवर काढू नये, ती बॅटरीवर काढावी. त्याचा हिशोब पुढे येतो.

पंपाकडे मात्र लक्ष हवे. ३ एचपीची मोटर थेट सुरू केली तर नेहमीच्या सहापट करंट ओढते, क्षणभर वीसेक केव्हीए. त्याच वेळी लिफ्ट चालू असेल तर ३० केव्हीएच्या संचाचे व्होल्टेज दबते आणि लिफ्टचा ड्राइव्ह फॉल्ट दाखवून मध्येच थांबतो. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवावा, किंवा लिफ्ट चालू असताना पंप सुरू होणार नाही असा इंटरलॉक पॅनेलमध्ये करून घ्यावा. हे काम खरेदीच्या ऑर्डरमध्ये लिहून घ्यावे, नंतर ते कुणी करत नाही.

१ जुलै २०२३ पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नवे, सीपीसीबी ४ प्लस नावाने ओळखले जाणारे निकष लागू आहेत. नव्या संचांचा धूर खरोखर कमी आहे आणि दम्याचे रुग्ण राहतात अशा इमारतीत ही गोष्ट मोलाची आहे. दुसरी बाजूही आहे. इंजिन आता इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे असते, गावातला ट्रॅक्टरचा मेकॅनिक ते हाताळू शकत नाही, सेन्सरचा दोष शोधायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन यावा लागतो. किर्लोस्कर, कमिन्स, महिंद्रा पॉवरॉल यांसारखी नावे बाजारात आहेत. निवड करताना अश्वशक्तीच्या तक्त्याआधी एकच प्रश्न विचारावा: सर्वांत जवळचे सेवा केंद्र किती किलोमीटरवर आहे आणि रात्री अकराला माणूस येतो का? उत्तर करारात लिहून मिळाले तरच ते खरे मानावे.

आवाजाची मर्यादा कॅनपीपासून, म्हणजे संचाभोवतीच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून, एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. ‘सायलेंट’ या शब्दाचा अर्थ एवढाच. शयनगृहाच्या भिंतीला लागून संच ठेवला तर झोप मोडतेच. धुराड्याची उंची इमारतीच्या उंचीपेक्षा किती जास्त हवी, याचे सूत्र आहे: केव्हीएच्या वर्गमुळाला ०.२ ने गुणायचे. ३० केव्हीएला ती १.१ मीटर येते. पाइप अर्ध्या उंचीवर सोडून दिलेला दिसला तर हस्तांतरण स्वीकारू नये, कारण पावसाळी वाऱ्यात तो धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत येतो. अर्थिंगचे चार खड्डे हवेत, दोन बॉडीचे, दोन न्यूट्रलचे. विद्युत निरीक्षकाकडची कागदपत्रे पुरवठादाराकडून पूर्ण करून घ्यावीत.

एकच फेज गेला तर

आपल्याकडे पूर्ण लाइट जाण्याइतकाच नेहमीचा प्रकार म्हणजे डीपीवरचा एक फ्यूज उडून एकच फेज जाणे. स्वस्त एएमएफ पॅनेल एकाच फेजवर नजर ठेवते. तो फेज शाबूत असला की त्याच्या लेखी लाइट आहे. जनरेटर गप्प, एका बाजूच्या दहा-अकरा खोल्या अंधारात आणि पंपाची मोटर दोन फेजवर गुरगुरत जळायच्या बेतात. पॅनेल तिन्ही फेज तपासणारे हवे, त्यात फेज गेल्याची आणि व्होल्टेज कमी झाल्याची दोन्ही सेटिंग हवीत. फेज-न्यूट्रल १८० व्होल्टच्या खाली काही सेकंद राहिले तर जनरेटर सुरू व्हावा, असे ठेवावे.

अर्धवट वीज जाणे किती घातक ठरते याचे उदाहरण फ्लोरिडात घडले. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळानंतर हॉलिवूड शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये दिवे चालू होते, एसीचा पुरवठा तेवढा बंद पडला होता. उष्म्यामुळे १२ वृद्धांचे मृत्यू झाले. त्यानंतर त्या राज्याने नर्सिंग होमना जनरेटर आणि ९६ तासांचे इंधन सक्तीचे केले, आतले तापमान ८१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देण्याच्या अटीसह. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांची दुपार सोसणाऱ्या संकुलांनी निदान एक मोठी सामाईक खोली थंड राहील एवढा भार जनरेटरवर धरायलाच हवा. तिथे दीड टनाचे दोन एसी धरले की साडेतीन किलोवॉट वाढतात, आणि ३० ऐवजी ४० केव्हीए घ्यावा लागतो.

रात्रीसाठी ट्युब्युलर की लिथियम

सर्व खोल्यांत कमी वीज खाणारे, ३० वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले आणि ५ वॉटचा एक दिवा धरला तर खोल्यांचा रात्रीचा भार १.१ किलोवॉट होतो. आठ तासांचे ९ युनिट. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरचे दोन लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक आणि ५ केव्हीएचा इन्व्हर्टर हे काम साडेसात तास करतो. तेच ट्युब्युलरमध्ये करायचे तर १५० अँपिअर-अवरच्या आठ बॅटऱ्या लागतात. वजन चार क्विंटलच्या वर, हवेशीर वेगळी खोली, दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर आणि पूर्ण चार्जिंगला दहा-बारा तास.

या चार्जिंगच्या वेळेमुळेच आमचा कौल लिथियमला आहे. पुरवठा दिवसभर येत नसेल तर ट्युब्युलर दुसऱ्या रात्री अर्धवटच भरलेल्या असतात. लिथियम तीन-चार तासांत भरते, म्हणजे दुपारी जनरेटर चालू असताना तिची सोय होते आणि जनरेटरवरही पुरेसा भार पडतो. चोवीस तास जनरेटर चालवला तर ८० लिटरच्या आसपास डिझेल जाते. दिवसातून सात तास चांगल्या भाराने चालवून रात्र बॅटरीवर काढली तर ते ४० वर येते. डिझेल ९० रुपये लिटर धरले तर जनरेटरचे एक युनिट २८ रुपयांना पडते. लिथियमची किंमत पाहून दचकण्याआधी हा आकडा मांडावा.

लिथियमचा एक दोष जाणून घ्यावा. भार अचानक वाढला की तिचा संरक्षक सर्किट बोर्ड पूर्ण पुरवठा तोडतो. ट्युब्युलर अशा वेळी जरा दबते आणि सावरते. म्हणून लिथियमवर फ्रिजचा कॉम्प्रेसर किंवा पंप जोडू नये.

मार्गिकेतल्या दिव्यांसाठी मात्र ट्युब्युलर उत्तम. स्वस्त, दणकट, आणि कोणताही स्थानिक माणूस दुरुस्त करतो. पूर्ण चार्ज झाल्यावर हायड्रोमीटरवर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) १.२४०च्या आसपास आकडा दिसायला हवा. सहा सेलपैकी एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर बॅटरी जायला लागली आहे.

कॉन्सन्ट्रेटरसाठी वेगळी व्यवस्था हवी, आणि यात काटकसर करू नये. ५ लिटरचे यंत्र ३५० वॉट घेते. १५० अँपिअर-अवरच्या एका ट्युब्युलरवर ते अडीच-तीन तास चालते, १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या लिथियमवरही साधारण तेवढेच. पण ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा ऑक्सिजन लावलेल्या माणसाच्या खोलीत तिला जागा नाही. खोलीत लिथियमच हवी. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह चालत नाही, कॉम्प्रेसर गरम होऊन कुरकुरतो. इन्व्हर्टरच्या मागचे बटण ‘यूपीएस’ मोडवर असावे म्हणजे बदल इतका झटपट होतो की यंत्र बंद पडत नाही. बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या यंत्राला ऑक्सिजनची शुद्धता गाठायला काही मिनिटे लागतात. शिवाय शेजारी बी-टाइपचा भरलेला सिलिंडर रेग्युलेटर लावून उभा असावा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला २ लिटरने बारा तास पुरतो. पाना सिलिंडरलाच साखळीने बांधलेला असावा.

छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एवढेच: नेहमीचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दाम बंद होतो, खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू नये म्हणून. भर उन्हातही त्यातून एक दिवा लागत नाही. बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर असेल तरच उपयोग.

लिफ्टचे एआरडी, म्हणजे लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारे उपकरण, बहुतेक ठिकाणी बसवलेले असते. त्याच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि ते कुणाला कळत नाही.

जनरेटर लागत नाही तेव्हा

सर्वांत नेहमीचे कारण इंजिन नसतेच, असते १२ व्होल्टची स्टार्टर बॅटरी. संच महिनोन् महिने उभा असतो, पॅनेल त्यातून थोडा करंट घेत राहते, ती भरलेली ठेवणाऱ्या फ्लोट चार्जरचा फ्यूज कधीचा गेलेला असतो. स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे व्होल्टेज मीटरने पाहावे. ते ९.६च्या खाली गेले तर बॅटरी बदलावी. एरवी १२.५ दिसते म्हणून समाधान मानू नये. चालली तरी तीन वर्षांनी ती बदलावीच.

दुसरे कारण त्याहून साधे: सर्व्हिसचा माणूस पॅनेल ‘मॅन्युअल’वर ठेवून निघून जातो, किंवा तातडीने बंद करण्याचे लाल बटण दाबलेलेच राहते. तो गेल्यावर स्वतः जाऊन सिलेक्टर ‘ऑटो’वर आहे ना हे पाहावे.

तिसरे, डिझेलमधले पाणी. अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात आतून घामेजते. टाकी भरलेली ठेवावी, वॉटर सेपरेटरचा नळ महिन्यातून एकदा सोडून काचेच्या बाटलीत पाहावे, सहा महिन्यांहून जुने डिझेल वापरून संपवावे. टाकी कोरडी पडू दिली तर लाइनीत हवा शिरते आणि ती काढेपर्यंत इंजिन लागत नाही. ऑइल व फिल्टरचे बी-चेक, म्हणजे ठरावीक तास चालल्यावर करायची सर्व्हिस, तास भरले नसले तरी वर्षातून एकदा करावेच.

कोकणासाठी वेगळे सांगायला हवे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची अनेक गावे आठवडेच्या आठवडे विजेविना होती. रस्त्यांवर झाडे पडलेली, पेट्रोल पंपालाही वीज लागते. तिथे चार दिवसांचे इंधन आवारात हवे, वरच्या हिशोबाने १६० लिटर. संचाची टाकी मॉडेलनुसार ६० ते १०० लिटरची असते, बाकीचे लोखंडी पिंपात, इमारतीपासून दूर, सावलीत ठेवावे. खाऱ्या हवेने कॅनपीचे बिजागर आणि कॉन्टॅक्टरची टोके गंजतात, पावसाळ्याआधी ती साफ करून घ्यावीत.

चाचणी महिन्यातून एकदा, आणि टेस्ट बटण दाबून नव्हे. त्या बटणाने इंजिन फिरते, भार पडत नाही, बदल होतो की नाही हेही कळत नाही. पुण्यात गुरुवारी महावितरणची दुरुस्ती असते, बंद अगोदर जाहीर होतो, तो दिवस सोयीचा. नसेल तर रहिवाशांना नाश्त्याच्या वेळी सांगून सकाळी अकराला मेन स्विच पाडावा. एकाने मार्गिकेत मोबाइलवर सेकंद मोजावेत, एकाने रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना एआरडी पाहावे, एकाने कॉन्सन्ट्रेटरजवळ उभे राहावे. अर्धा तास संच भाराखाली चालवावा, त्यात पंप एकदा सुरू करावा. लाइट परत दिल्यावर पॅनेल दोन-तीन मिनिटे थांबते, भार महावितरणवर देते आणि इंजिन थोडा वेळ रिकामे चालून बंद होते. ते बंद झाल्याचे पाहूनच निघावे. वहीत तारीख, सुरू व्हायला लागलेले सेकंद, स्टार्टरच्या वेळचे व्होल्टेज आणि डिझेलची पातळी एवढे चार आकडे लिहावेत. सेकंद १४ वरून १९, १९ वरून २६ असे वाढत गेलेले दिसले तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

रात्रपाळीच्या सेविकेसाठी पॅनेलच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत पाच ओळी चिकटवाव्यात: आधी कोणत्या खोल्यांत जायचे (कॉन्सन्ट्रेटरच्या), सिलिंडर कसा उघडायचा, लाल बटण कसे सोडवायचे, हाताने स्टार्ट कसे करायचे, कुणाला फोन करायचा. शेजारी खिळ्याला विजेरी टांगलेली असावी आणि पॅनेलच्या खोलीची किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात नव्हे, सेविकेच्या टेबलावर असावी.